व्हिसा की वतन?

आपल्या वस्त्यांतून अलीकडे एक नवी आनंदवार्ता ऐकू येते. अमक्या ताईंचा मुलगा 'ऑनसाईट' चालला! पूर्वी पोरगा बँकेत चिकटला, एलआयसीत लागला, तलाठ्याची परीक्षा पास झाला की विहारात खीर व्हायची. आता कंपनीने अमेरिकेला नाहीतर लंडनला धाडले की पेढे वाटले जातात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि पोरगा टॅक्सीत बसेपर्यंत अर्धी चाळ खाली उतरते. या आनंदावर विरजण घालण्याची आमची मुळीच इच्छा नाही. ज्यांच्या पणजोबांना वेशीच्या आत आपली सावली कुठे पडते याची धास्ती होती, त्यांची पोरे समुद्र ओलांडून जातात, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु वकिली करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. सगळे पेढे खात असताना तो कागद मागतो. गिरगावातल्या आमच्या छोट्याशा कार्यालयात गेल्या काही वर्षांत असे कागद घेऊन येणारी आपली मुले वाढली आहेत. ते कागद वाचून आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो आज चळवळीच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. पासपोर्टवर नाव पोराचे, फोटो पोराचा, बोटांचे ठसे पोराचे. मग व्हिसा कुणाचा?

आधी ही भानगड काय आहे ते सरळ सांगतो. कंपनी आपल्या नोकराला परदेशातल्या आपल्याच कार्यालयात काही काळासाठी पाठवते. त्यासाठी अमेरिकेत एल-१ नावाचा व्हिसा आहे. तो १९७० सालच्या कायद्याने निघाला. मागच्या तीन वर्षांत निदान एक वर्ष त्या कंपनीची नोकरी अमेरिकेबाहेर झालेली असली पाहिजे. मॅनेजर असेल तर जास्तीत जास्त सात वर्षे, 'विशेष ज्ञान' असलेला कर्मचारी असेल तर पाच वर्षे. ब्रिटनमध्ये याच प्रकाराला इंट्रा-कंपनी ट्रान्सफर म्हणत. ११ एप्रिल २०२२ पासून त्याचे नाव 'ग्लोबल बिझनेस मोबिलिटी' झाले. नाव भारदस्त आहे. मोबिलिटी म्हणजे फिरण्याची मुभा. पण ही मुभा बिझनेसला आहे, बिझनेसमध्ये राबणाऱ्या माणसाला नाही!

कारण अर्ज करते कंपनी, मागे घेऊ शकते कंपनी आणि मुदत वाढवायची की नाही हे ठरवतेही कंपनीच. एल-१ वर गेलेला माणूस त्या व्हिसावर दुसऱ्या मालकाकडे काम करू शकत नाही. नोकरी गेली तर अमेरिकेत २०१७ च्या जानेवारीपासूनच्या नियमाप्रमाणे फार तर ६० दिवस मिळतात. ब्रिटनमध्येही साधारण तेवढेच. तेवढ्यात दुसरी सोय झाली नाही की बायकोपोरांसह गाशा गुंडाळायचा. एच-१बी नावाचा जो दुसरा, अधिक गाजलेला व्हिसा आहे, त्यात निदान नव्या मालकाने अर्ज केल्यावर मालक बदलता येतो आणि तिथल्या चालू दरापेक्षा कमी पगार देता येत नाही. एल-१ ला तसा पगाराचा दर बांधून दिलेला नाही, वर्षाला किती माणसे न्यावीत याची मर्यादाही नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, पण तोही बहुधा कंपनीनेच करायचा आणि भारतीयांची त्यातली रांग किती लांब आहे हे तिथे असलेल्या कुणालाही विचारा. ब्रिटनच्या या मार्गाने तर कितीही वर्षे काढली तरी कायम राहण्याचा हक्क मिळत नाही.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. तो आदेश एच-१बी पुरता होता. एल-१ ला तो लागू नव्हता. कंपन्यांची नजर कुठे वळेल हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे ज्या दाराने माणूस त्यातल्या त्यात मोकळा राहत होता ते दार महाग झाले आणि ज्या दाराने तो कंपनीच्या दावणीला बांधलेलाच आत जातो ते उघडे राहिले.

आता आंबेडकरी वाचकाला या व्यवस्थेत काही ओळखीचे दिसते की नाही? आम्हाला तर पहिल्यांदा असा करारनामा वाचला तेव्हा महार वतन आठवले. २०२५ साली मुंढव्याच्या जमिनीच्या प्रकरणामुळे 'महार वतन' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांना पुन्हा आठवला, पण त्या चर्चेत जमिनीचा भाव तेवढा होता. वतन म्हणजे काय हे नव्या पिढीला कुणी सांगितले नाही. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. चाकरीच्या अटीवर मिळालेला तुकडा म्हणजे वतन. गावची आणि सरकारची कामे करायची, रात्रीबेरात्री निरोप घेऊन पळायचे, कामाला तास नाहीत, ठराविक दाम नाही. आणि नाही म्हटले तर? तर जमीन जाणार, बलुते बंद होणार. म्हणजे ज्या भूमीवर पाय टेकवून उभे राहायचे तीच चाकरीच्या खुंटीला टांगलेली. जमीन असूनही माणूस तिचा धनी नाही. ती त्याला गावाशी बांधून ठेवणारी दोरी आहे.

आणि या दोरीचा आपल्याच माणसांना अभिमान होता, हे विसरून चालणार नाही. आम्ही वतनदार आहोत असे छातीवर हात ठेवून सांगणारे होते. बाबासाहेबांना विरोध करणाऱ्यांत तेही होते, कारण हातातला तुकडा जाईल ही भीती खरी होती. म्हणूनच १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात जे विधेयक मांडले ते नीट पाहण्यासारखे आहे. १८७४ च्या वतन कायद्यात त्यांना दुरुस्ती हवी होती. जमीन फेका आणि पळा, असे ते म्हणाले नाहीत. ज्याला चाकरीतून सुटायचे आहे त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा, इतर रयतेसारखी ती आपल्या नावावर ठेवावी आणि वेठीतून मोकळे व्हावे, अशी त्यांची वकिली मांडणी होती. जमीन ठेवा, चाकरीची अट तोडा. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही, १९२९ साली त्यांना ते मागे घ्यावे लागले. १९५८ सालच्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने रद्द झाली तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन दोन वर्षे उलटली होती.

आमचे म्हणणे एवढेच की परदेशातल्या या व्हिसाच्या बाबतीत आपली भूमिका हीच असली पाहिजे. जाऊ नका, असे आम्ही सांगत नाही. जा. पण राहण्याचा हक्क आणि मालकाची चाकरी यांची जी गाठ मारली आहे ती सोडवण्याची मागणी चळवळीने केली पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, वकीलसाहेब, महिन्याला लाखो कमावणाऱ्या इंजिनिअरला तुम्ही वेठबिगार म्हणता? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. उन्हात खडी फोडणारी बाई आणि वातानुकूलित कचेरीत बसणारा पोरगा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही दोन गोष्टी पाहा. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या २३ व्या कलमाचा अर्थ लावला. किमान वेतनापेक्षा कमी दामात करून घेतलेले काम ही वेठच आणि सक्ती ही चाबकानेच होते असे नाही, परिस्थितीच्या रेट्याने दुसरा पर्यायच उरत नाही तीही सक्तीच, असे न्यायालयाने सांगितले. त्याच्याही ३५ वर्षे आधी, १९४७ साली संविधान सभेला दिलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी विचारले होते की बेकार माणसापुढे नोकरी ठेवली आणि तिच्याबरोबर कामाचे तास न ठरवण्याची, संघटनेत न जाण्याची अट घातली, तर तो आपले मूलभूत हक्क सोडून देणार नाही काय? हा प्रश्न पगाराच्या आकड्याशी बांधलेला नाही. नाही म्हणण्याची ताकद माणसाजवळ उरली आहे की नाही, हे तो विचारतो.

आता प्रत्यक्ष घडलेले पाहू. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटला, गिरगावातून चौपाटीने टॅक्सी केली तर पंधरा मिनिटांवर. या कंपनीने भारतातून अमेरिकेत पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या वतीने २००६ साली कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. आरोप असा की अमेरिकन सरकारकडून कर्मचाऱ्याला मिळणारा कराचा परतावा कंपनीच्या नावे करून देण्याची सक्ती केली जात होती आणि त्यासाठी आधीच मुखत्यारपत्रांवर सह्या घेतल्या जात होत्या. भारतातला पगार अमेरिकेतल्या पगारातून वळता केला जातो, असाही आरोप होता. सात वर्षे खटला चालला. २०१३ साली कंपनीने आरोप मान्य न करता २ कोटी ९७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. लाभ मिळणारे कर्मचारी बारा हजारांहून अधिक होते. बारा हजार शिकलेली माणसे! त्यांतली बहुतेक सवर्ण असणार हे उघड आहे. तरी नाही म्हणण्याची हिंमत सुरुवातीला दोघातिघांनीच दाखवली. बाकीचे का गप्प राहिले? अडाणी होते म्हणून? ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्याच हातात देशात राहण्याचा परवाना असला की पदवीधरही गप्प बसतो.

दुसरे प्रकरण आकड्यांनी लहान पण अंगावर काटा आणणारे आहे. इलेक्ट्रॉनिक्स फॉर इमेजिंग या अमेरिकन कंपनीने २०१३ साली आपल्या बंगळुरूच्या कार्यालयातून आठ कर्मचारी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला नेले, संगणक यंत्रणा बसवण्यासाठी. त्यांचा पगार भारतातल्याच दराने रुपयांत चालू ठेवला. तिथल्या कामगार खात्याने हिशेब मांडला तेव्हा तासाला १ डॉलर २१ सेंट पडत होते आणि काही आठवड्यांत काम १२२ तासांपर्यंत गेले होते. आठवड्याचे एकूण तास १६८. झोपायला, जेवायला, आंघोळीला उरले ४६. कंपनी म्हणाली, नजरचुकीने झाले. ४० हजार डॉलरहून जास्त थकबाकी भरावी लागली आणि दंड किती? सुमारे साडेतीन हजार डॉलर. एवढ्या दंडाने कोणत्या मालकाची झोप उडणार आहे?

योगायोग पाहा. २०२१ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिलच्या भव्य स्वामीनारायण मंदिराच्या बांधकामावरून जो दिवाणी दावा दाखल झाला त्यात तासाचा दर १ डॉलर २० सेंट असल्याचा आरोप होता. तिथे व्हिसा धार्मिक सेवकांचा होता आणि फिर्यादींच्या म्हणण्याप्रमाणे राबणारे बहुतांश दलित कारागीर होते. बीएपीएस संस्थेने आरोप फेटाळले, २०२५ साली फौजदारी चौकशी आरोपपत्राविना बंद झाली, हेही नमूद केले पाहिजे. वकिलाने दुसरी बाजू लपवू नये. पण व्यापारी कंपनी आणि धर्मसंस्था यांच्याबाबत एकाच आकड्याची चर्चा व्हावी, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

इथपर्यंतचा विषय सगळ्या भारतीय कर्मचाऱ्यांचा झाला. मग चळवळीने त्यात का पडावे? कारण कंपनीच्या मर्जीने जिथे माणूस निवडला जातो तिथे जात मागच्या दाराने हजर असते.

एल-१ वर कुणाला पाठवायचे याची जाहिरात निघत नाही, परीक्षा होत नाही, गुणवत्ता यादी लागत नाही. आरक्षणाचा तर प्रश्नच नाही. 'विशेष ज्ञान' कुणाकडे आहे हे कंपनीच लिहून देते. मॅनेजर सांगतो, हा पोरगा क्लायंटसमोर उभा राहू शकेल, तो नाही. उभे राहण्याची ही लायकी कशावरून ठरते? इंग्रजीच्या उच्चारावरून, आडनावावरून, कोणत्या शाळेत गेला त्यावरून, शनिवारी कुणाच्या घरी जेवायला जातो त्यावरून. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारखीच पात्रता असलेले अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले होते, फरक फक्त आडनावांचा. दलित आडनावाच्या अर्जांना कमी प्रतिसाद आला. दारात उभे करतानाच हे होत असेल तर आत गेल्यावर, परदेशी पाठवण्याच्या वेळी काय होत असेल?

गिरगावचेच पाहा. फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी, मुगभाट. या वाड्यांतल्या कितीतरी खोल्यांत आज दोन म्हातारी माणसे आणि भिंतीवर नातवंडांचे बर्फातले फोटो एवढेच उरले आहे. त्यांची मुले दोन पिढ्यांपूर्वीच गेली. भुलाभाई देसाई रस्त्यावर अमेरिकन वकिलात होती तेव्हा (२०११ च्या नोव्हेंबरमध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली) पहाटेच्या रांगेत कुणाचा मामा, कुणाचा मेहुणा पुढच्याला काय बोलावे ते शिकवीत असे. कोणता कागद वर ठेवायचा, पगाराविषयी काय विचारायचे, कोणत्या कंपनीचा करार जाचक आहे, हे ज्ञान त्या घरांत वारसाहक्काने आले. आपल्या पोराला ते सांगणारा मामा नाही. त्याचा मामा महापालिकेत कचऱ्याच्या गाडीवर असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका तरुणाची हकिकत सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, त्याचेही नाही. आई महापालिकेच्या रुग्णालयात आया. मुलगा हुशार, कंपनीने दीड वर्षासाठी आपल्या अमेरिकेतल्या कार्यालयात पाठवले. विमान पहाटेचे आणि आदल्या रात्री अकरा वाजता चौदा कागदांवर सह्या घेतल्या. त्यात परत आल्यावर दोन वर्षे नोकरी न केल्यास पाच लाख रुपये भरण्याचे बंधपत्र होते आणि काही वाद झाला तर निवाडा भलत्याच राज्यातल्या शहरात होईल अशी अटही होती. पहिले सहा महिने सुरळीत गेले. एके दिवशी घरून व्हिडिओवर मीटिंग चालू असताना मागच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो वरिष्ठाला दिसला. त्यानंतर जेवायला बोलावणे बंद, मग कामाच्या मेलमधून नाव कमी, मग चांगले चाललेले काम अचानक 'समाधानकारक नाही'. नवव्या महिन्यात परत बोलावले. लेखी कारण नाही. भाड्याच्या घराची अनामत बुडाली, बायकोचे बाळंतपण तिथे ठरले होते ते अर्धवट सोडून यावे लागले. इथे आल्यावर त्याने वैतागून राजीनामा दिला तर पाच लाखांची नोटीस! आम्ही लढून ती रक्कम बरीच खाली आणली. पण जातीय वागणुकीचे काय? फोटो पाहिल्यानंतर वागणूक बदलली हे त्याला ठाऊक आहे, आम्हाला पटले आहे, पण न्यायालयात उभे राहील असा एकही कागद त्याच्याकडे नव्हता.

अमेरिकेतही हे सिद्ध करणे सोपे नाही. २०२० च्या जूनमध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा दावा लावला तेव्हा आपल्याला केवढे बळ आले होते. त्यातल्या दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा २०२३ साली मागे घेतला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी घातली आणि ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसेच विधेयक सही न करता परत पाठवले. एक पाऊल पुढे, एक मागे. पण ज्याचा व्हिसा कंपनीच्या हाती आहे तो यातल्या कोणत्या कायद्याचा आधार घेणार? तक्रार अर्जाची पोच मिळेपर्यंत त्याचे ६० दिवस संपतात.

बाबासाहेब स्वतः करारावरच परदेशी गेले होते, हे काही जण आम्हाला सुनावतात. खरे आहे. आणि त्याची सुरुवात याच गिरगावातून झाली, हेही सांगितले पाहिजे. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणाऱ्या विद्यार्थी भीमरावाला विल्सन हायस्कूलचे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले, त्यांनी त्याला बुद्धचरित्र दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची वाट करून दिली. जून १९१३ मध्ये झालेल्या करारात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. पण वकिलाच्या नजरेने दोन्ही करार शेजारी ठेवून पाहा. संस्थानचे बंधन शिक्षण संपल्यावर सुरू होणारे होते. आणि त्या काळी अमेरिकेत उतरायला आजच्यासारखा व्हिसा लागत नव्हता, ती पद्धत पहिल्या महायुद्धात आली. संस्थान पैसे बंद करू शकत होते (१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागलेच), पण न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्यांना बेकायदेशीर माणूस ठरवण्याची ताकद कुणाही धन्याकडे नव्हती. आजच्या आठ-दहा हजार कर्मचाऱ्यांच्या कंपनीकडे ती आहे. आणि करार पाळायला ते बडोद्याला गेले तेव्हा काय झाले? राहायला जागा मिळाली नाही, कारकुनांनी कागद दुरून फेकले, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने बाहेर काढले. धनी उदार असला तरी त्याच्या कचेरीतली जात उदार होत नाही, हे त्या वेळीच दिसले होते.

आता आपल्या सरकारकडे वळू. भारत सरकार जगाच्या बाजारात गेली तीस वर्षे एका गोष्टीसाठी भांडत आहे, की आमची माणसे तुमच्या देशात सेवा देण्यासाठी येऊ द्या. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा करारात यासाठी वेगळा प्रकारच आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झाला. त्यात कंपन्यांनी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचे मार्ग पक्के केले गेले आणि तात्पुरत्या गेलेल्या कर्मचाऱ्याची सामाजिक सुरक्षेची वर्गणी तीन वर्षांपर्यंत दोन्ही देशांत भरावी लागू नये असे ठरले. याचा गाजावाजा झाला. कर्मचाऱ्याचा वाटा वाचेल, खरे आहे. मालकाचाही मोठा वाटा वाचेल, हे तितक्या मोठ्याने कुणी सांगितले नाही. पण ज्या अर्थी सरकार माणसांच्या वतीने बोलायला बसले होते त्या अर्थी एक साधी मागणी करता आली असती. कंपनीने छळले तर कर्मचाऱ्याला त्याच देशात दुसरी नोकरी धरता यावी. ही मागणी कुठल्याच करारात भारताच्या बाजूने पुढे आलेली आम्हाला दिसत नाही. संख्या मागायची, सवलत मागायची, माणसाचा हक्क मागायचा नाही! त्याच करारात वर्षाला १,८०० योगशिक्षक, शेफ आणि संगीतकार यांचीही सोय आहे. त्या संगीतकारांत हलगीवाला बसतो का, आमचा जलसेकार बसतो का, हेही एकदा विचारून पाहिले पाहिजे.

देशातला कायदाही तोकडा. १९८३ चा उत्प्रवास कायदा मुख्यतः आखाती देशांत जाणाऱ्या, दहावी न झालेल्या मजुरांच्या परवानगीभोवती फिरतो. तो मजूर अजूनही लुटला जातो ही गोष्ट वेगळी. पण पदवीधर कर्मचारी या कायद्याच्या लेखी स्वतःचे पाहून घेणारा. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी मसुदा लोकांपुढे ठेवण्यात आला. त्यावर आपल्या किती संघटनांनी लेखी सूचना पाठवल्या? आमच्या ओळखीच्या तीन संघटनांना आम्ही विचारले. एकीलाही मसुदा निघाल्याची खबर नव्हती. परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागांसाठी आपण मोर्चे काढतो आणि काढलेच पाहिजेत. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणासाठी घोषणा देतो, त्याही दिल्याच पाहिजेत. परंतु खासगी क्षेत्रात आज जो पोरगा आहे त्याच्या डोक्यावर काय टांगले आहे, हे आपल्या एकाही ठरावात नसते.

त्याला एक कारण आहे, तेही बोलून टाकतो. आपला इंजिनिअर स्वतःला कामगार मानायला तयार नाही. त्याच्या आजोबाने कदाचित ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात भाग घेतला असेल, बाबासाहेबांचे परळच्या कामगार मैदानावरचे भाषण ऐकले असेल. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, ही बाबासाहेबांची भूमिका गिरण्यांतल्या अक्षरशत्रू माणसाला समजली होती. नातवाला संघटना म्हटले की नोकरी जाईल असे वाटते. आणि बंधपत्रांच्या बाबतीत न्यायालयांचा कलही कर्मचाऱ्याच्या बाजूचा असेलच असे नाही. २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे न टिकल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, रीतसर भरती होती, त्या निकालाची कारणे वेगळी आहेत. तरी उद्या प्रत्येक खासगी कंपनीचा वकील तोच निकाल पुढे करणार.

तेव्हा मागायचे काय? आमच्या मते पहिली मागणी केंद्र सरकारकडे: यापुढच्या प्रत्येक करारात कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्याला छळाच्या तक्रारीनंतर निदान सहा महिने त्या देशात राहून दुसरा मालक शोधण्याची मुभा मागावी. १९२८ च्या विधेयकाचाच हा धागा आहे, जमीन ठेवा, चाकरीची अट तोडा. दुसरी, परदेशी पाठवण्याची निवड कंपनीने लेखी निकषांवर करावी आणि कोणत्या प्रवर्गातले किती गेले याचा आकडा सरकारला द्यावा. यात आरक्षण मागितलेले नाही, नुसता आकडा मागितला आहे. तो द्यायला जे घाबरतील ते का घाबरतात हे आपोआप कळेल. परत बोलावण्याचे कारणही लेखी मिळाले पाहिजे.

हे व्हायचे तेव्हा होईल. तोवर जाणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एवढे करावे. अमेरिकेला जात असाल तर कंपनीने तुमच्या नावाने केलेल्या व्हिसा अर्जाची प्रत मागून घ्या. त्यात तुमचे काम आणि पगार काय लिहिला आहे ते वाचा आणि हातात पडणाऱ्या पगाराशी ताडून पाहा. ब्रिटनला जात असाल तर स्पॉन्सरशिप प्रमाणपत्रात लिहिलेला पगार बघा. २२ जुलै २०२५ पासून या मार्गाला किमान ५२,५०० पौंडांची अट आहे, पण त्यात राहण्याचा भत्ता धरता येतो, म्हणून मूळ पगार किती आणि भत्ता किती हे वेगळे लिहून मागा. कराच्या परताव्याविषयीचे मुखत्यारपत्र कोरे असेल तर सही करू नका. बंधपत्र घरी आणून एक दिवस ठेवा. ते देत नसतील तर निदान मोबाइलमध्ये प्रत्येक पानाचा फोटो काढा. तिथे कुणी जातीवरून बोलले तर त्याच दिवशी तारीख-वेळ घालून स्वतःच्या खासगी मेलवर लिहून ठेवा, कंपनीच्या मेलवर नको. कंपनीचा मेल नोकरीबरोबरच बंद होतो.

गिरगाव, परळ आणि नायगावच्या विहारांत रविवारच्या वंदनेनंतर तासभर वकील बसवता येतील. आम्ही आणि आमचे दोन-तीन सहकारी यायला तयार आहोत, फी नाही. विहाराच्या समित्यांनी फक्त दिवस कळवावा आणि येणाऱ्यांनी कागद सोबत आणावेत, सही करण्याआधीचे.